उभ्या झाडाला वास नसतो

मंगळवारी सकाळी दहाला पाच कमी असताना कॉलेजच्या ऑफिसातल्या हजेरीच्या मशीननं नृसिंह निसळचा अंगठा ओळखला नाही. एकदा नाही, तीनदा. मशीनमधली ती बाई दर वेळी त्याच गोडगोड आवाजात 'प्लीज ट्राय अगेन' म्हणायची आणि मागं रांगेत उभी असलेली मंडळी चुळबुळ करायची. "निसळ, अंगठा घरी ठेवून आलात की काय?" कुणीतरी म्हणालं. दोघंतिघं हसले. एकोणतीस वर्षं ज्या ऑफिसात खुर्ची झिजवली, तिथल्या भिंतीवरच्या डबड्याला आपण कोण हे पटू नये, याचा त्याला उगाचच राग आला. त्यानं अंगठा पँटीला पुसला, फुंकर मारली, पुन्हा काचेवर दाबला, आणि नेमका तेव्हाच खिशातला मोबाईल थरथरला. बाई म्हणाली, 'थँक्यू.' तो बाजूला झाला. गहिनीनाथनं फोटो पाठवला होता. मिरजगावच्या पुढं नृसिंहचं दोन एकर चंदनाचं रान होतं, ते सांभाळणारा शेजारचा शेतकरी म्हणजे गहिनीनाथ. फोटोत चंदनाचं खोड होतं, काळपट, भेगाळलेलं. खोडाला भोक होतं आणि त्या भोकात गहिनीनाथनं आपला अंगठा घातला होता, नख दिसेनासं होईतो. खाली त्याच्या आवाजातला निरोप होता. नृसिंहनं मोबाईल कानाशी धरला. "भाऊसाहेब, वड्याकडंच्या वळीत एका झाडाला भोक घावलंय. गिरमिटाचं हाय. चोर गाभा बघून गेलं. आता ते येनार. फोन करा."

चंदनाच्या चोरांची रीत त्या भागात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. माणसं आधी दिवसाउजेडी येतात, शेळी हरवली म्हणून, मध काढायचाय म्हणून. जाड खोड हेरतात, गिरमिटानं भोक पाडतात आणि आतून येणारा भुसा बघतात. पांढरा निघाला तर झाड कच्चं, पुढं चालायचं. तांबूस निघाला, वास सुटला, की जागा ध्यानात ठेवायची आणि महिन्याभराच्या आत करवती घेऊन परत यायचं. मध्ये माणूस आला तर माणसाचीही गय करत नाहीत. दोन वर्षांमागं पलीकडच्या गावात एक राखणदार सकाळी झाडाला बांधलेला सापडला होता. जीव वाचला, पण वाचा गेली ती गेलीच. अजून तो ओसरीवर बसून असतो म्हणतात, आणि कुणी विळा-कोयता घेऊन दारावरून गेलं की कानांवर हात दाबून घेतो. नृसिंहला हे सगळं माहीत होतं. आणि तरीही फोटो बघितला त्या क्षणी त्याच्या मनात चोर आलेच नाहीत. मनात आलं, मेलो, सापडलो. कारण ते भोक त्यानं स्वतः पाडलं होतं, तीन आठवड्यांपूर्वी, एका रविवारी, गहिनीनाथच्या चोरून.

आता चोरून का, तर त्यासाठी अकरा वर्षं मागं जावं लागेल, आणि नृसिंह हल्ली मागं जायला नेहमीच तयार असे. टेबलावर प्रवेशाचे अर्ज पडलेले असायचे, खिडकीबाहेर नगरच्या सावेडी रस्त्यावर हॉर्न वाजत असायचे, आणि हा मनानं त्या मुरमाड उतारावर उभा. वडील मास्तर होते, त्यांनी हौसेनं घेतलेली ती जमीन. पाऊस तिथं आला तर आला. बाजरी पेरावी तर कणसं बोटाएवढी, हुलगा पेरावा तर बी परत मिळायची मारामार. वडील गेल्यावर ती जमीन काढून टाकावी असं शोभाचं, त्याच्या बायकोचं, स्पष्ट मत होतं. पण नृसिंह कुठल्याशा शिबिराला गेला आणि चंदनाचं खूळ डोक्यात घेऊन आला. कमी पाण्यावर येतं, खडकाळ रानात उलट बरं येतं, जनावरांपासून जपलं म्हणजे झालं. फक्त थांबायचं. "बारा-पंधरा वर्षं?" शोभा म्हणाली होती. "तोवर आपल्यालाच चंदनाची गरज पडेल." ती पोळ्या लाटत होती आणि तिनं वरही बघितलं नव्हतं. तिच्या त्या न बघण्यानंच त्यानं रोपं आणली म्हणा ना. आयुष्यात आपण एक तरी गोष्ट अशी करावी की जिच्या आत काहीतरी तयार होत राहील, असं त्याला वाटलं होतं. ऑफिसात बसून माणसाच्या आत काय तयार होतं, तर ॲसिडिटी.

गहिनीनाथ वडिलांचा विद्यार्थी. चौथीपर्यंतचाच, पण गुरुजींचं नाव निघालं की अजून हात कपाळाला लावायचा. त्याचं स्वतःचं रान बांधाला बांध लावून होतं, त्यामुळं राखणीचं बोलणं दोन वाक्यांत झालं. रोपं लावायच्या दिवशी त्याची बायको बनुबाई हळद-कुंकू घेऊन आली. पहिल्या खड्ड्याशी तिघं बसले आणि गहिनीनाथनं नृसिंहचा हात धरून ओल्या मातीवर टेकवला. "भाऊसाहेब, आमच्यात रीत हाय. रानात देवाचं झाड लावलं तर एक तप त्याला लोखंड लावायचं न्हाई. कुऱ्हाड न्हाई, इळा न्हाई, खिळा सुदीक न्हाई. लावनाऱ्यानं न्हाई, राखनाऱ्यानं न्हाई. म्हना, न्हाई लावनार." नृसिंह म्हणाला, नाही लावणार. त्या वेळी त्याला ते सगळं फार आवडलं होतं. आणि गहिनीनाथनं ते पाळलं, अगदी हट्टानं पाळलं. वाकड्या फांद्या हातानं मोडायचा, गवत हातानं उपटायचा, तारेचं कुंपण घालताना एकाही झाडाचा खांब होऊ दिला नाही. चंदन एकटं वाढत नाही, त्याचं मूळ शेजारच्या झाडाच्या मुळात जाऊन बसतं आणि तिथून पितं, म्हणून मध्ये तूर लावायची, करंज लावायचे. हे नृसिंहनं समजावून सांगितलं तेव्हा गहिनीनाथ खो खो हसला होता. "म्हंजी हे बी भाऊसाहेबच म्हना की! आयत्या पान्याचं!" बनुबाईनं त्याला डोळ्यांनी दटावलं. नृसिंहही हसला. पण पुढं कधीतरी, नगरच्या घरात दुपारचा पडलेला असताना, ते वाक्य त्याला आठवायचं आणि मग जमिनीखाली न दिसता चाललेलं ते पिणं त्याच्या डोळ्यांपुढून हलायचं नाही.

झाडं वाढली. निम्मी मेली, निम्मी राहिली, पण राहिली ती चांगली राहिली. ओढ्याकडंच्या ओळीत तर गाळामुळं खोडं मांडीएवढी झाली. आणि अकरावं वर्ष सरत आलं तसा नृसिंहच्या मनात किडा शिरला. कुणीतरी त्याला सांगितलं होतं की काही झाडांत गाभा धरतच नाही. वरून झाड देखणं, पानं हिरवीगार, आणि आत सालीपासून मध्यापर्यंत नुसतं पांढरं, बिनवासाचं, जळणाचं लाकूड. बाहेरून ओळखायला मार्ग नाही. उभ्या झाडाला वास नसतो. पान चुरगाळा, साल खरवडा, नाक लावून दिवसभर उभे राहा, काही नाही. झाडाला गाभ्यापर्यंत जखम झाली की मगच वास सुटतो. हे कळल्यापासून त्याला झोपेतून दचकून जाग यायची. चौपन्न वर्षांचा झालो, बढती शेवटची झाली, मुलगी पुण्याला तिच्या संसारात, शोभा तिच्या भिशीत आणि भजनात. आता आतून पांढरं निघालं तर? झाड की आपण, हे त्याला त्या अर्धवट झोपेत नीटसं कळायचं नाही.

म्हणून त्या रविवारी त्यानं गहिनीनाथला मिरजगावला पिटाळलं, डोकेदुखीची गोळी आणायला. बनुबाई घरामागं शेण थापत होती. कॉलेजच्या वर्कशॉपमधून आणलेला हातानं फिरवायचा ड्रिल त्यानं पिशवीतून काढला आणि ओढ्याकडंच्या ओळीतल्या एका जाड झाडापुढं गुडघे टेकले. पातं जाडीला पेन्सिलीएवढं होतं. पांढरा भुसा आला. पांढरा. पांढरा. त्याच्या मानेवरून घाम ओघळला. अजून पांढरा. आणि मग पात्याची वाट एकदम जड झाली, आणि जो भुसा आला तो मधासारखा होता. वास आला. अहो, वास कसला, त्याच्या वडिलांची सगळी देवपूजा समोर येऊन उभी राहिली, ओलं धोतर, सहाण, कपाळावरचं थंड गंध. चौपन्न वर्षांचा माणूस ओढ्याकाठी गुडघ्यांवर बसून ढसाढसा रडला. आहे, आहे, आत आहे. मग भानावर येऊन त्यानं भोकात मेण भरलं, वरून माती फासली, भुसा रुमालात बांधून शर्टाच्या खिशात ठेवला. गहिनीनाथ गोळी घेऊन आला तेव्हा हा बाजेवर डोळे मिटून पडला होता. "लई दुखतंय का?" गहिनीनाथनं विचारलं आणि कपाळावर हात ठेवून बघितलं. तो हात चांगला जड, उबदार होता, आणि नृसिंहला त्या हाताखालून निघून जावंसं वाटलं.

परतीच्या एसटीत गर्दी होती. एका माणसानं सरकून त्याला खिडकीशी जागा दिली. साधा माणूस, पांढरा शर्ट, मांडीवर रेक्झिनची पिशवी. थोड्या वेळानं तो म्हणाला, "अत्तर कुठलं वापरता?" नृसिंह हसला. अत्तर नाही हो, म्हणाला. आणि मग, देवा, किती बोलला तो! शोभा ऐकत नव्हती, ऑफिसात कुणी विचारत नव्हतं, अकरा वर्षांचं साठलेलं सगळं त्यानं त्या अनोळखी माणसापुढं ओतलं. रान कुठं, झाडं किती, ओढा कुठल्या अंगाला. तो माणूस फार छान ऐकत होता. मध्येच योग्य ठिकाणी 'वा' म्हणायचा. "राखन?" त्यानं विचारलं. आहेत ना, नृसिंह म्हणाला, नवरा-बायको आहेत, वयस्कर आहेत पण विश्वासाची आहेत. "विश्वासाची मानसं भेटनं अवघड," तो माणूस म्हणाला. मधल्याच एका फाट्यावर तो उतरला, उतरताना हात जोडून गेला. नृसिंहला त्या दिवशी फार हलकं वाटलं होतं. त्याला वाटलं, या जगात अजून ऐकून घेणारी माणसं आहेत.

तर आता हा फोटो. मंगळवारी दुपारी डबा न उघडताच तो कॉलेजच्या मागच्या जिन्यात गेला आणि त्यानं फोन लावला. सांगून टाकायचं, एवढं ठरवून लावला. पण पलीकडून गहिनीनाथचा आवाज आला तो असा काही कडक की याचं ठरवलेलं वाक्य तसंच राहिलं. "भाऊसाहेब, ज्यानं कुनी आपल्या झाडाला लोखंड लावलं ना, त्याचा हात झडंल. गुरुजींच्या रानात! तपाला वरीस ऱ्हायलं न्हाई आन् ह्यो इटाळ! तुमी काळजी करू नका. मी जागाच हाय आता. बनूच्या भावाला, सहादेवला बोलावलंय मिरजगावास्नं. कुत्रं घिऊन येतोय." नृसिंह म्हणाला, "अहो, एवढं कशाला... एखाद्या वेळी किड्याचं असेल." "किड्याचं?" गहिनीनाथ म्हणाला. "भाऊसाहेब, किडा काय गिरमिट घिऊन हिंडतो व्हय?" आणि हसला, पण ते हसणं नेहमीचं नव्हतं. नृसिंह 'बरं, जपा' म्हणाला आणि फोन ठेवला. उद्या सांगू. उद्याला काय झालंय.

उद्या झाला, परवा झाला. रोज सकाळी गहिनीनाथचा फोन यायचा, आणि रोज तो आवाज थोडा खरखरीत व्हायचा. कुत्रं पहाटे ओढ्याकडं तोंड करून भुंकलं. कुंपणाची तार एके जागी दबलेली दिसली. एक जण मोटारसायकलवरून आला, शेळी बघितली का म्हणाला, आणि गेला. नृसिंह ऐकायचा आणि त्याला गहिनीनाथची कीव यायची. भीती शिरली की माणसाला सगळीकडं तेच दिसतं, असं तो स्वतःशी म्हणायचा, कारण त्याला खरं माहीत होतं ना! भोक कुणाचं हे ज्याला ठाऊक, त्याला कुत्र्याच्या भुंकण्याचं काय? रविवारी जायला हवं होतं. गुडघा धरलाय, असं त्यानं कळवलं आणि दिवसभर खरंच लंगडत वावरला. शोभानं तेल चोळून दिलं. "काय झालंय तुम्हाला? चार दिवस बघतेय," ती म्हणाली. तो म्हणाला, काही नाही. तिच्या हाताखाली तो धडधाकट गुडघा त्याला परक्याचा वाटत होता. फोटो त्यानं पुन्हा उघडला नव्हता. एकदाच बघितला तो बघितला. गहिनीनाथचं नाव मोबाईलवर दिसलं तरी त्याला लाज वाटायची, आणि लाज वाटली की आणखी एक दिवस जायचा.

सोमवारी सकाळी फोन आला तो बनुबाईचा. ती सहसा फोन करायची नाही. "भाऊसाहेब, ह्यांना तुमीच सांगा काय ते," ती म्हणाली आणि रडायलाच लागली. गहिनीनाथ सहा दिवस धड झोपला नव्हता. रात्रभर कुऱ्हाड घेऊन ओढ्याकडंच्या ओळीत बसायचा, दिवसा डोळा लागायचा नाही. त्या पहाटे सहादेव झाडाआड गेला होता आणि परत येताना याला तो माणूस ओळखूच आला नाही. यानं कुऱ्हाड उचलली. सहादेव ओरडला, कुत्रं मध्ये पडलं, म्हणून वार खांद्याला चाटून गेला. "माझा भाऊ थोडक्यात वाचला हो. ह्येंचं डोळं बघा तुमी. हे मानूस ऱ्हायलं न्हाई." नृसिंह स्वयंपाकघराच्या दारात उभा होता. गॅसवर दूध वर येत होतं. त्याला स्वतःची किळस आली. आपल्या एका खोट्यापायी एका माणसानं दुसऱ्यावर कुऱ्हाड उगारली होती. "त्यांना द्या," तो म्हणाला.

आणि त्यानं सांगितलं. एका दमात सांगितलं, दूध उतू गेलं तरी थांबला नाही. "गहिनीनाथ, ते भोक मी पाडलंय. मीच. तुम्हाला गोळी आणायला पाठवलं त्या दिवशी. कुणी चोर नाही, कुणी येणार नाही. मला फक्त गाभा बघायचा होता. मी शब्द मोडला." पलीकडून गहिनीनाथचा आवाज आला, एकदम म्हातारा. "तुमी?" "मी." "वड्याकडंच्या वळीत?" "हो, तिथंच. जाड झाड. मेण भरलं होतं मी वरून." "मेन काय न्हाई दिसलं मला." "पडलं असेल, मुंग्यांनी खाल्लं असेल." नृसिंहला वाटलं, आता हा शिव्या घालील, आणि घालाव्यात असंही वाटलं. पण गहिनीनाथ हळूच म्हणाला, "धरला हुता का?" "काय?" "गाभा वो." "धरलाय. तांबूस निघाला." "मग झालं तर." आणि तो हसायला लागला, हसता हसता खोकला आला, मागं बनुबाई 'काय झालं, काय झालं' करत होती आणि हा तिला सांगत होता, "अगं, चोर आपलं भाऊसाहेबच निघालं की!" नृसिंहचे डोळे भरून आले. "झोपा आता," तो म्हणाला. "माझ्यासाठी झोपा. सहादेवला घरी पाठवा. त्याच्या खांद्याला दवाखान्यात दाखवा." "व्हय, व्हय. झोपतो. लई झोप आलीय, भाऊसाहेब." लहान मुलानं म्हणावं तसं तो म्हणाला.

मंगळवार नृसिंहनं असा काही घालवला की शोभासुद्धा चकित झाली. जेवताना दोनदा भात घेतला. संध्याकाळी सहादेवचा फोन आला, कालच कुत्रं घेऊन घरी आलो, खांद्याला तीन टाके पडले, दाजी मेल्यासारखे झोपलेत म्हणून. नृसिंहनं त्याची चौकशी केली, माफी मागितली, आणि फोन ठेवल्यावर गॅलरीत जाऊन उभा राहिला. समोरच्या इमारतीत कुणीतरी उदबत्ती लावली होती. तो खोटा, गोडसर वास नाकात जाताच त्याला एकदम तो एसटीतला माणूस आठवला. विश्वासाची माणसं भेटणं अवघड. का आठवला कोण जाणे. त्याचा चेहरा काही केल्या डोळ्यांपुढं येईना, फक्त मांडीवरची पिशवी आणि पिशवीवर शांत ठेवलेले दोन हात. नृसिंह आत आला आणि त्यानं दार लावून घेतलं.

बुधवारी सकाळी दहाला पाच कमी असताना तो रांगेत उभा होता. पुढच्या माणसानं अंगठा ठेवला, बाई 'थँक्यू' म्हणाली. नृसिंह पुढं झाला. त्यानं अंगठा काचेवर टेकवला आणि काचेखालचा हिरवा उजेड त्या अंगठ्याभोवती दिसला. बुटका, रुंद, नखाशी चपटा अंगठा. खिशात पेन होतं, पेनाशेजारी पेन्सिल होती. तो अंगठ्याकडं बघत राहिला. 'प्लीज ट्राय अगेन,' बाई म्हणाली. गहिनीनाथचा अंगठा याच्या अंगठ्याच्या दीडपट होता, नांगर धरून धरून झालेला. तो अंगठा त्या भोकात गेला होता, नख दिसेनासं होईतो. आणि आपलं पातं पेन्सिलीएवढं होतं. पेन्सिलीएवढ्या भोकात करंगळी जाणार नाही. 'प्लीज ट्राय अगेन.' मागून कुणीतरी "अहो निसळ" म्हणालं. त्यानं मोबाईल काढला, तो फोटो शोधला, उघडला, दोन बोटांनी मोठा केला. भोकाच्या कडा ताज्या होत्या, पांढऱ्या. मेणाचा ठिपका नव्हता, मातीचा डाग नव्हता. ते त्याचं भोक नव्हतं. त्याचं भोक तिथंच कुठंतरी दुसऱ्या झाडाला होतं, मेणाखाली झाकलेलं, कुणाला न सापडलेलं. आणि हे दुसऱ्या कुणाचं होतं. कुत्रं पहाटे खरंच भुंकलं होतं. तार खरंच दबली होती. आणि त्यानं फोन करून, रडून, माफी मागून राखण उठवली होती.

तो भिंतीला टेकला आणि त्यानं गहिनीनाथचा नंबर लावला. रिंग वाजत राहिली. नवव्या की दहाव्या रिंगला फोन उचलला गेला, आणि बनुबाईचा आवाज आला, चांगला प्रसन्न. त्याच्या जिवात जीव आला. "बोला भाऊसाहेब! आत्ता तुमचंच नाव निघालं हुतं." "गहिनीनाथ कुठं आहेत?" "गेलेत वड्याकडं. आवं, दोन रात्री अशी झोपलो आमी दोघं, आभाळ कोसळलं असतं तरी कळलं नसतं. सकाळी उठून ह्ये दारात गेलं आन् मला म्हनलं, अगं, वास येतोय का? मला बी आला. काय वास वो! देवापुढं सहानीवर उगाळल्यागत. वड्याकडनं वारं आलं की सगळं रान घमघमतंय. मी म्हनलं, भाऊसाहेब तर सांगत हुते, उभ्या झाडाला वास नसतो. तर ह्ये म्हनले, तेंचंच भोक असंल, उघडं पडलंय न्हवं का, तिथनं सुटला वास. मेन लावून बुजवून येतो." "कधी गेले?" नृसिंहनं विचारलं. स्वतःचा आवाज त्याला ऐकू आला नाही, म्हणून त्यानं पुन्हा विचारलं. "दिस उगवायला गेलेत. अजून न्हाई आलं. च्या निवून गेला. फोन बी हितंच ठिवून गेलेत. काठी तरी घ्या म्हनलं, तर मलाच हसले, मेन लावाया काठी कशाला म्हनले." "बनुबाई," तो म्हणाला, "बनुबाई, ऐका. तुम्ही घरात थांबा. दार लावून घ्या. मी सहादेवला..." "काय? तुटतोय बगा आवाज तुमचा. थांबा जरा, मीच बघून येते आन् त्यास्नीच देते फोन. ठिवू नका."

फोन कशावर तरी ठेवल्याचा आवाज झाला. "जाऊ नका!" नृसिंह ओरडला, आणि ऑफिसातली सगळी माणसं वळून बघायला लागली. पलीकडं पितळेचं काहीतरी वाजलं, कोंबडीनं पंख झटकले, आणि मग चपला, फट फट, दूर जाणाऱ्या. रांग थांबली नव्हती. त्याच्या कोपराशेजारून एकेक हात पुढं येत होता आणि मशीनमधली बाई प्रत्येकाला थँक्यू म्हणत होती. त्यानं दुसऱ्या कानावर तळवा दाबून धरला. लांबून बनुबाईची हाक आली, "आवं! आयकलं का? भाऊसाहेबांचा फोन हाय!" मग जरा आणखी लांबून, "आवं!" उत्तर कुणाचंच आलं नाही. तिसरी हाक तिनं घातली ती वेगळीच होती, आणि ती अर्ध्यावरच थांबली. नृसिंह मोबाईल कानाशी धरून उभा राहिला, आणि पलीकडं नुसतं वारं वाहत राहिलं.